चार घंट्या आणि तीस सेकंद

माझ्या हातून आयुष्यात एकच वस्तू अशी तयार झाली की जिनं दूरदूरच्या माणसांना एकमेकांशी बोलतं करावं. तिनं काय केलं ते सांगतोच. पण तिच्यासाठी मला पगार मिळत होता, वर्षअखेरीला सर्वांसमोर टाळ्या मिळाल्या आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं, हे आधी सांगून टाकतो. म्हणजे माझ्याविषयी कुणाला उगाच सहानुभूती वाटायला नको.

ते दिवस देश नव्यानं उदार झाल्याचे होते. म्हणजे उदार होऊन दहाएक वर्षं झाली होती, पण हैदराबादेत त्याचा अंगारा तेव्हा घरोघर पोचत होता. सिनेमाच्या पोस्टरांच्या डोक्यावर कॉम्प्युटर क्लासच्या जाहिराती चिकटत. तीन महिन्यांत अमेरिका, दोन महिन्यांत अमेरिका. अमीरपेठेतल्या एका क्लासनं तर ती पंचेचाळीस दिवसांवर आणून ठेवली होती. मी पुण्याहून आलो होतो. बरोबर इंजिनियरिंगची पदवी होती आणि पुण्याचा माणूस कुठेही जाताना जे नेतो तेही होतं: जे काय कळतं ते आपल्यालाच, ही खात्री. ती हैदराबादच्या उन्हाळ्यातही वितळली नाही. त्यासाठी पुढे एका बाईंना कष्ट घ्यावे लागले.

आमची कंपनी कुकटपल्लीत दुसऱ्या मजल्यावर होती. तळमजल्यावर पत्रे कापायचा कारखाना. खाली पत्रा कापला गेला की वर आमचे मॉनिटर थरथरत, आणि पाहुण्यांना आम्ही सांगत असू की हे जनरेटरमुळे. साहेब तेलुगू गृहस्थ. नऊ वर्षं अमेरिकेत काढून परत येताना त्यांनी तीन गोष्टी आणल्या होत्या: कॉफीचं यंत्र, उच्चार आणि एक कल्पना. कॉफीचं यंत्र पहिल्या महिन्यात बंद पडलं. उच्चार तेलुगूत बोलताना गळून पडत. कल्पना मात्र टिकली, कारण ती अमलात आणायचं काम माझ्याकडे होतं.

कल्पना अशी. अमेरिकेतला माणूस एखादं वेब पान बघतोय. पानावर एक बटण आहे, ‘आमच्याशी बोला’. त्यानं ते दाबायचं. दाबल्याबरोबर ती मागणी इंटरनेटवरून कुकटपल्लीला आमच्या प्रॉक्सी सर्व्हरकडे येणार, सर्व्हर इथल्या साध्या टेलिफोनच्या तारेवरून समोरच्या माणसाला फोन लावणार आणि दोघांचे आवाज जोडून देणार. बटण दाबणारा संगणकासमोर, उचलणारा आपल्या घरच्या फोनवर, मध्ये आम्ही. कॉलेजात प्रॉक्सी म्हणजे गैरहजर मित्राच्या वतीनं ‘यस सर’ ओरडणारा. इथेही धंदा तोच. आमचा सर्व्हर वेबपुढे फोनच्या वतीनं हजेरी लावायचा आणि फोनपुढे वेबच्या वतीनं.

कायद्याचं विचाराल तर सरकारनं नुकतीच इंटरनेटवरून बोलायला परवानगी दिली होती, पण सरकारी पद्धतीनं, म्हणजे अर्धी. इथल्या संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोललात तर तो विकास. परदेशातून इंटरनेटच्या वाटेनं इथल्या घरच्या फोनवर आलात तर तो गुन्हा. आमचं बटण नेमकं दुसऱ्या वाटेनं यायचं. साहेबांना मी हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, “बाबू, ये प्रॉडक्ट नहीं है, ये ट्रायल है.” ट्रायलला कायदा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आता वेब आणि फोन यांचे स्वभाव जुळत नाहीत. वेब म्हणजे गुडघ्याला बाशिंग बांधलेला गडी. विचारलं की ताबडतोब उत्तर पाहिजे, नाहीतर चालला. फोनचं तसं नाही. फोन वाजला की माणसाला हात पुसावे लागतात, गॅस बारीक करावा लागतो, चपला शोधाव्या लागतात. मध्यस्थानं या दोघांना सांभाळून घ्यायचं असतं. साहेबांनी मीटिंग घेतली आणि जाहीर केलं, “अमेरिकन आदमी तीस सेकंद से ज्यादा रुकता नहीं.” त्यामुळे तीस सेकंदांत समोरच्यानं उचललं नाही तर आमचा प्रॉक्सी फोन तोडणार आणि पानावर लिहिणार, ‘पार्टी इज नॉट आन्सरिंग. थँक यू!’ त्या तिसांतले अठरा सेकंद तार मिळवण्यात आणि नंबर फिरवण्यातच जायचे, हे मला माहीत होतं. राहिले बारा. मी मान डोलावली. चाचणीत बारा सेकंद भरपूर ठरले, कारण चाचणी आम्हीच घेत होतो आणि फोनवर हात ठेवून बसलेला माणूसही आमचाच होता.

साहेबांची दुसरी मागणी अशी की आपलं मशीन हार मानता कामा नये. एकदा नाही उचलला, तर चोवीस तासांनी मशीननं आपण होऊन पुन्हा लावावा. मग पुन्हा चोवीस तासांनी. उचलला जाईपर्यंत. मधे दाबणाऱ्यानं स्वतःच पुन्हा बटण दाबलं, तर चोवीस तास तिथून नव्यानं मोजायचे. उचललाच, तर बटण दाबणाऱ्याला मेल जाणार की तुमची पार्टी आता हजर आहे. हेही मी दोन दिवसांत बसवून दिलं. साहेबांनी पाठ थोपटली.

मी राहायला नल्लकुंट्याला होतो, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत. खाली घरमालकीणबाई एकट्या. मी त्यांना काकू म्हणायचो. त्यांच्या सासरच्यांनी निजामाच्या काळात नांदेडकडची शेती भावकीवर सोडून हैदराबाद गाठलं होतं, पण मराठी सोडलं नव्हतं. फक्त त्याला इथलं पाणी लागलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “कायकू हो एवढं परेशान होऊन कुकटपल्लीला जायलेत रोज? हितं विद्यानगरात बँकेत चिकटा की.” मी त्यांना इंटरनेट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हौ, ते ठीक हाय. पण बँक जवळ पडंल.”

त्यांच्या बैठकीत फोन होता, विणलेल्या रुमालाखाली. फोनच्या वर भिंतीला पुठ्ठा टांगलेला. काकूंचे यजमान रेल्वेच्या कचेरीत होते. वारण्याआधी काही वर्षं त्यांनी तो आपल्या सुरेख अक्षरात लिहिला होता. एक घंटी: पोचलो. दोन घंट्या: निघालो. तीन: तुम्ही करा. चार: सर्व खुशाल, उत्तर नको. पाचवी वाजली तर उचला. नांदेड, परभणी, बरकतपुरा, सगळ्या गोतावळ्यात हा पुठ्ठा नकलून गेला होता आणि सगळे तो कायद्यासारखा पाळत, म्हणजे कायद्यापेक्षा बराच जास्त. पाचव्या घंटीच्या आत फोन उचलणं म्हणजे समोरच्याचा कॉल फुकट घालवणं. मी नवा असताना एकदा दुसऱ्याच घंटीला उचलला. बरकतपुऱ्याहून काकूंच्या नणंदबाई होत्या. त्यांनी नुसतं ‘निघाले’ म्हणून कळवलं होतं. पुढचा महिनाभर त्या मला ‘ते उचलणारे’ म्हणत.

तेव्हा हा नियम मला पाठ होता. आणि तीस सेकंदही पाठ होते. दोन्ही एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहत होते, पुण्याच्या एखाद्या सोसायटीतल्या बिऱ्हाडांसारखे, एकमेकांची तोंडओळखही न करता.

काकूंना एकच लेक. अमेरिकेत नोकरी, नवरा तेलुगू, गुंटूरकडचा, तिनंच पसंत केलेला. काकू तिला छोटी म्हणत. लग्नाला काकूंची हरकत नव्हती; हरकत आली ती बाळंतपणाला. सहावा महिना लागल्यावर लेकीनं फोन करून सांगितलं, आई, तू इकडे ये. काकू म्हणाल्या, पहिलं बाळंतपण माहेरी होत असतं, तू इकडे ये. ती म्हणाली, नोकरी आहे, डॉक्टर इथला आहे. या म्हणाल्या, मग तुझ्या डॉक्टरलाच सांग डिंकाचे लाडू करायला. लेकीनं फोन आपटला. त्याआधी ती रोज सकाळी साडेआठला चार घंट्या द्यायची, लग्नानंतर एक दिवस चुकवला नव्हता म्हणे. त्या दिवसापासून घंट्या बंद. काकूंच्या फोनवरून परदेशी कॉल लागत नसे, त्याला कोपऱ्यावरच्या बूथवर जावं लागे, आणि काकू जाणार नव्हत्या. “मी आई हाय. ती रुसली, ती बोलंल.”

पंधरा दिवस मी हे वरून खाली, खालून वर ऐकत होतो. मग माझ्यातला उंटावरचा शहाणा जागा झाला. आमच्या ट्रायलला अमेरिकेतली खरी माणसं पाहिजेच होती. साहेब रोज विचारायचे, युजर कुठे आहेत? मी काकूंच्या डायरीतून लेकीचा मेलचा पत्ता घेतला, तिच्यासाठी एक पान बनवलं, त्यावर बटण ठेवलं आणि लिहिलं की हे दाबलंत की घरचा फोन वाजेल. भांडल्यावर फोन उचलून नंबर फिरवायला धीर लागतो, बटण दाबायला लागत नाही, असंही एक वाक्य त्यात घातलं. ते मला फार आवडलं होतं. तिचं उत्तर आलं, ‘थँक्स. बघते.’

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर काकू जिन्यातच उभ्या. चेहरा असा की यजमान परत आले असावेत. “वाजली,” त्या म्हणाल्या. “साडेआठला. चार. माझी छोटी निवळली.”

मी म्हणालो, “बघा, म्हटलं होतं ना?” काय म्हटलं होतं कुणास ठाऊक, पण श्रेय घ्यायची वेळ आली की मी मागे राहत नाही.

दुसऱ्या दिवशी वाजली. तिसऱ्या दिवशी वाजली. मग वाजतच राहिली. मी पावणेआठची बस पकडायचो, त्यामुळे मी ती ऐकत नसे. रविवारी वर अंथरुणात अर्धवट झोपेत ऐकली असेल. पण संध्याकाळी काकूंच्या तोंडून रोजचा वृत्तांत मिळायचा. आज जरा जोरात वाजली. आज पावसात पण वेळ चुकवली नाही. आणि या घंट्यांवर बाई हळूहळू विरघळल्या. आठव्या दिवशी म्हणाल्या, “पासपोर्टाला काय काय लागतंय हो?” मी फॉर्म भरून दिला. पोलीस चौकशीला आला तेव्हा त्यालाही लाडवाचा नमुना दिला. डिंक आला, खारका आल्या, बाजूच्या बाईकडून दुपटी शिवून आली. लेकीला मात्र कळवायचं नव्हतं. “एकदा नाही म्हटल्यावर परत बोलावल्याबिगर जावयाच्या घरी जायचं नसतं. बोलावंल ती. एक दिवस चारवर थांबायची नाही. पाचवी वाजली की मी उचलते आन् म्हणते, निघाले बघ.”

म्हणजे बाई पाचव्या घंटीची वाट बघत होत्या. आणि मी असं मशीन बनवलं होतं की ज्याच्यातून पाचवी घंटी निघणंच शक्य नव्हतं. माझ्या डोक्यात तेव्हाही प्रकाश पडला नाही. मी लाडू चाखून बघत होतो.

प्रकाश पडला तो साहेबांमुळे. कुणी गुंतवणूकदार येणार होते. त्यांना दाखवायच्या तक्त्यात साहेबांना एक वाक्य पाहिजे होतं: आमचा ग्राहक रोज परत येतो. एक ग्राहक तसा होताही, एकाच पानावरून रोज एक कॉल, जवळजवळ सहा आठवडे. साहेब म्हणाले, त्याची सगळी माहिती काढ, फार मोठी गोष्ट आहे. मी सर्व्हरची नोंद उघडली.

एक्केचाळीस ओळी होत्या. वेळ, कुठून, कुठे, निकाल. ‘कुठे’च्या खाली नल्लकुंट्याचा नंबर, जो मी रोज जाता-येता रुमालाखाली बघत होतो. ‘निकाल’च्या खाली एक्केचाळीस वेळा तेच: वेळ संपली, फोन तोडला. आणि ‘कुठून’च्या खाली पहिल्या तीन ओळींत अमेरिकेतला पत्ता. चौथ्या ओळीपासून शेवटपर्यंत तिथं आमच्याच सर्व्हरचा पत्ता होता.

खाली पत्रा कापला जात होता. मॉनिटर थरथरत होता. मी बारा भागिले तीन केलं. एका घंटीला तीन सेकंद. बारा सेकंद. चार घंट्या.

लेकीनं तीन दिवस बटण दाबलं होतं. मुद्दाम साडेआठलाच, म्हणजे आईला कळावं की कोण आहे. तिला घंटी ऐकू येत नव्हती. तिला दिसत होतं फक्त ‘पार्टी इज नॉट आन्सरिंग. थँक यू!’ आपली वेळ माहीत असून आई उचलत नाही, असा सरळ अर्थ तिनं काढला आणि चौथ्या दिवसापासून सोडून दिलं. मशीननं मात्र सोडलं नाही. त्याला हार मानू नको असं मीच शिकवलं होतं. ते रोज साडेआठला, चोवीस तासांच्या हिशेबानं, चार घंट्या देऊन येत होतं, आणि त्या चार घंट्यांवर एका बाईचा पासपोर्ट निघाला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे लहानपणापासून ऐकत होतो. मारुती निदान कुणाचं वाईट करत नाही.

मला लाज वाटली. नुसती चूक झाल्याची नाही. सहा आठवडे ती नोंद माझ्या हातांखाली होती आणि मी फक्त बेरीज बघत होतो, याची.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेलो. काकू दुपट्यांना काठ लावत बसल्या होत्या. त्यांनी चहा केला. मी प्यायलो आणि वर जाऊन बसलो. त्याआधी ऑफिसात मशीनचं ते पुन्हा लावणं बंद करायला हात पुढे केला होता, पण उद्या साडेआठला घंटी नाही वाजली तर बाई घाबरतील असा उदात्त विचार करून ते चालूच ठेवलं. उदात्त कसला, सांगायला तोंड होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पावणेआठच्या बसला गेलो नाही. खाली जाऊन बैठकीत बसलो. काकूंना वाटलं बरं नाही. साडेआठला फोन वाजला. काकूंनी बोट वर केलं. एक. दोन. तीन. चार. फोन थांबला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू परीक्षेत पोरगी पहिली आली. “बघा. आज तुमच्यासमोरच. खुशाल हाय.”

मी सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं. काकू, ती खुशाली नव्हती, छोटी तुमच्याशी बोलायला फोन करत होती, आमचं मशीन चार घंट्यांनंतर तोडून टाकत होतं, तिला वाटतंय तुम्ही उचलत नाही. तीन दिवसांचं आणि बाकीच्या दिवसांचं मी बोललो नाही. एवढं पुरे झालं असं मला वाटलं.

काकू आत गेल्या, साडी बदलून आल्या, पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, “चला बूथवर.”

बूथच्या काचेच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. मी बाहेर उभा होतो. मला एकच बाजू ऐकू येत होती.

“हां, मी. आई. काय झालं म्हणजे? काही झालं नाही. मी कायकू नाही उचलणार? अगं तू चारच द्यायचीस की. चार. खुशाल म्हणून. तुला घंटी ऐकूच यायची नाही?” मग बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. “तीन दिवस?” असं एकदा म्हणाल्या आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. “सासूबाई आल्या? कधी? गेल्या आठवड्यात? बरं झालं. नाही गं, बरंच झालं. गुंटूरच्या असल्या म्हणून काय, त्यांना तीन बाळंतपणांचा अनुभव हाय. मी? मी कशाला आता, दोन दोन म्हाताऱ्या घरात. रडू नको. या दिवसांत रडू नाही. पासपोर्ट नुसता काढून ठेवला होता, असाच. तिखट खाऊ नको, त्या तिखट करतात. हौ. हौ. ठेवते.”

त्या बाहेर आल्या. पदरानं चष्मा पुसला. रस्ता ओलांडला. भाजीवाल्याच्या गाड्यापाशी थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तीन दिवसच केला म्हणायलीय. मग सोडून दिला.”

“हो.”

“मग बाकीचे दिवस कोण?”

मी म्हणालो, “मशीन.”

“आज सकाळची पण?”

“मशीनच, काकू.”

त्यांनी एक जुडी मेथी उचलली, उलटी करून बघितली, परत ठेवली. “तरीच,” त्या म्हणाल्या. “एवढी टायमाला पक्की. मला वाटलं, अमेरिकेनं सुधारवली पोरीला.”

त्या दिवशी ऑफिसात जाऊन मी पुन्हा लावणं काढून टाकलं. तिसाचे नव्वद सेकंद केले आणि पानावर बटण दाबणाऱ्याला दिसेल असं लिहिलं की पलीकडे घंटी वाजते आहे, थांबा, माणूस येतो आहे. एवढं एक वाक्य आधी सुचलं असतं तर काकू तेव्हा विमानात असत्या. साहेबांना मी सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “बाबू, इसको बग नहीं बोलते. इसको लोकल कंडिशन बोलते.” गुंतवणूकदारांच्या तक्त्यात रोज परत येणारा ग्राहक तसाच राहिला. त्यांना तो फार आवडला. त्या वर्षीच्या टाळ्या आणि घड्याळ मला त्याच्याबद्दल मिळालं.

अमेरिकेत मुलगी झाली. गुंटूरच्या सासूबाईंनी सगळं नीट केलं, काकूंनी ते जाहीरपणे सगळ्या नातेवाइकांना सांगितलंही. दुपटी पार्सलनं गेली. लाडू एवढ्या लांब टिकणार नाहीत म्हणून डबा वर माझ्या खोलीत आला. कुणा बाळंतिणीसाठी वळलेले ते लाडू मी पंधरा दिवस खात होतो. परत द्यायची हिंमत नव्हती आणि टाकायची तर त्याहून नव्हती. काकू विचारायच्या, “संपले का हो? डिंक बरोबर फुललाय ना?” मी म्हणायचो, फुललाय.

त्यांनी मला खोली सोडायला सांगितलं नाही. एक शब्द लावून बोलल्या नाहीत. मला तेच जड गेलं. पुण्यात एवढ्यावर दोन पिढ्या बोलणं बंद झालं असतं, आणि ते मला झेपलं असतं.

भिंतीवरचा पुठ्ठा मात्र निघाला. फोनशेजारी एक खुर्ची आली. लेक आता रविवारी स्वतः नंबर फिरवून बोलायची, नीट बोलायची, आमच्या बटणाला ती पुन्हा कधी शिवली नाही. पण काकू सगळ्याच दिवशी फोन पहिल्या घंटीला उचलायला लागल्या. नांदेडला बोंब झाली. परभणीकर म्हणाले, वहिनीला काय झालं, पोचल्याचं कळवायचीही सोय राहिली नाही. बरकतपुऱ्याच्या नणंदबाई एके दिवशी रिक्षा करून भांडायला आल्या. त्यांनी भांडण सुरू करताना आधी माझ्याकडे बोट दाखवलं, ते योग्यच होतं. काकूंनी त्यांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या घंटीला उचलला.

पुढे एकदा नव्वद सेकंदांची चाचणी घ्यायची होती. मला असा फोन पाहिजे होता की जो उशिरा उचलला जाईल, आणि सवयीनं माझ्या हातून नल्लकुंट्याचा नंबर फिरवला गेला. सकाळचे अकरा वाजले असतील. अर्धी घंटी वाजली आणि पलीकडून आवाज आला, “हां छोटी, बोल.”

मी नव्वद सेकंदांची तयारी ठेवली होती. अर्ध्या घंटीची नव्हती. तार जोडलेली होती, आवाज स्वच्छ येत होता, आणि मला बोलता येईना. काकू थांबून होत्या. त्यांच्या मागे कुकरची शिटी झाली तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

शेवटी मी म्हणालो, “काकू, मी.”

“हौ, बोला की,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं मशीन असंल. म्हटलं, असू दे. मशीन तर मशीन.”